सेकंड हँड गाडीची सर्व्हिस हिस्टरी आणि देखभाल: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या महिनाभर आधी आणि मे महिन्याच्या तोंडावर हे प्रश्न जास्त येतात, कारण जुन्या गाड्यांचे व्यवहारही त्याच सुमारास होतात. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आला की तिथे क्रमांक दिला आहे. सगळी उत्तरं खासगी वापराच्या चारचाकीबद्दल आहेत. पिकअप आणि रिक्षा यांचं पासिंगचं गणित वेगळं, ते इथे घेतलेलं नाही.

१. गाडी घेऊन झाली, पैसे दिले. आता हिस्टरी बघून काय उपयोग?

उपयोग पुढच्या खर्चासाठी आहे. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) कधी बदलला, ब्रेक ऑइल कधी बदललं, क्लच मूळचा आहे की दुसरा, हे कळलं नाही तर एकतर सगळं विनाकारण बदलत बसाल किंवा कशेडीत, करूळ घाटात नको तिथे अडकाल. शिवाय नाव ट्रान्सफर व्हायचं असेल तोवर जुना मालक फोन उचलतो. नंतर तो उचलेलच असं नाही.

एक मात्र आधीच सांगतो. सर्व्हिस बुकात इंजिनाची हकिकत असते, पत्र्याची नसते. आपल्याकडे गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा किती पावसाळे कुठे उभी होती, हे जास्त महत्त्वाचं. म्हणून पुढच्या उत्तरांत कागदाइतकीच जागा गाडीच्या पोटाला दिली आहे.

२. सर्व्हिस रेकॉर्ड मिळतो कुठे? बुक तर हरवलंय म्हणतात.

बुक हरवलं तरी बिघडत नाही. बहुतेक कंपन्यांच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नोंदी कंपनीच्या कॉम्प्युटरवर असतात. पनवेलला झालेलं काम कुडाळच्या वर्कशॉपमध्येही दिसतं. गाडीचा नंबर किंवा चेसिस नंबर लागतो. आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर त्यालाच सोबत न्या किंवा त्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवरून मागवायला सांगा. परक्या माणसाला माहिती द्यायला वर्कशॉपवाले कां-कू करतात आणि त्यात त्यांचं चुकत नाही. तोंडी ‘सगळी सर्व्हिस वेळेवर आहे साहेब’ यावर समाधान मानू नका. तारीख, किलोमीटर, कामाचा प्रकार आणि बदललेले पार्ट अशी पूर्ण यादी छापून घ्या.

यात बाहेरच्या गॅरेजचं काम नसतं. त्यासाठी प्रश्न ५ पाहा.

३. यादी मिळाली. वाचायची कशी?

आधी फक्त दोन रकाने बघा, तारीख आणि किलोमीटर. समजा अशा नोंदी आहेत: एप्रिल २०१७ ला ९,८००, मे २०१८ ला २१,४००, जून २०१९ ला ३३,०००, मग थेट नोव्हेंबर २०२१ ला ३६,५००. सुरुवातीला गाडी वर्षाला साधारण पावणेअकरा हजार चालते आणि पुढच्या अडीच वर्षांत जेमतेम साडेतीन हजार. मधे कोविडचा काळ आहे, त्यामुळे गाडी खरंच उभी असू शकते. मीटरला हात लागलेला असू शकतो. अपघात किंवा पूर होऊन गाडी महिनोन्‌महिने गॅरेजात पडलेली असू शकते. यादी एवढंच सांगते की प्रश्न इथे विचारा.

मग कामाचा प्रकार. नियमित सर्व्हिसच्या मधेच ‘बॉडी शॉप’ किंवा ‘अॅक्सिडेंटल’ अशी नोंद असेल तर त्या जॉब कार्डातल्या (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीतल्या) पार्टची यादी मागा. बम्पर आणि हेडलॅम्प असेल तर किरकोळ. रेडिएटर सपोर्ट, एप्रन, एअरबॅग असे शब्द दिसले तर धडक जोराची होती.

एकच पार्ट पुन्हा पुन्हा बदललेला दिसला तर तिथे थांबा. दर वर्षी एकाच बाजूचा लोअर आर्म बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचं रबर) जात असेल तर दोष बुशात नसतो. हायवेच्या खड्ड्यात बसलेल्या दणक्याने काहीतरी वाकलेलं असतं, आणि ते व्हील अलाइनमेंटच्या रिपोर्टात दिसतं.

४. मीटर मागे फिरवलाय का, हे घरच्या घरी कळेल?

खात्री नाही, पण संशय पक्का करता येतो. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची वरची कड, ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू बघा. मीटर ३० हजार सांगतोय आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, हे जुळत नाही. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. २०१६ ची गाडी, मीटरवर २४ हजार आणि टायर मात्र २०१९ चे, तर पहिले टायर इतक्या लवकर का गेले हे विचारा.

साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांना स्कॅनर लावता येतो. काही गाड्यांत इंजिन कंट्रोलर, एबीएस किंवा गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये किलोमीटर वेगळे साठवलेले असतात आणि मीटर फिरवणारा सगळीकडे पोचलेला नसतो. स्कॅनर लावलाच आहे तर ‘कोड पुसल्यानंतरचं अंतर’, म्हणजे बिघाडाच्या नोंदी पुसल्यापासून गाडी किती चालली, तेही बघून घ्या. ते जेमतेम ४० किलोमीटर असेल तर तुम्हाला दाखवायच्या आदल्या दिवशी कुणीतरी इंजिनचा दिवा विझवलेला आहे.

५. आधीच्या मालकाने सगळं काम वाडीतल्या मिस्त्रीकडे केलं. बिलं नाहीत. म्हणजे गाडी वाईट?

अजिबात नाही. देवगड, राजापूर, गुहागरच्या आतल्या गावातून अधिकृत वर्कशॉप गाठायचं तर दिवस मोडतो. वॉरंटी संपल्यावर माणूस जवळच्या गॅरेजात जातो, यात लपवाछपवी काही नसते.

अशा वेळी मिस्त्रीलाच जाऊन भेटा. ‘गाडी कशी आहे’ असं विचारलंत तर ‘एक नंबर’ हेच उत्तर येणार. ‘क्लच प्लेट कधी टाकली, प्रेशर प्लेट पण बदलली का’, ‘हेड उघडलं होतं का’, ‘कूलंट की नुसतं पाणी’ असं नेमकं विचारा. काम केलेला माणूस दोन वाक्यांत सांगतो, न केलेला विषय बदलतो. बऱ्याच मिस्त्र्यांकडे वही असते. स्पेअर पार्टच्या दुकानाची कच्ची पावती, ऑइल बदलल्यावर लावलेलं स्टिकर, हेही पुरावेच.

रेडिएटरची टोपी इंजिन पूर्ण थंड असताना उघडून बघा. पाणी तांबूस, गढूळ दिसलं तर वर्षानुवर्षं कूलंटऐवजी विहिरीचं पाणी ओतलेलं आहे. नुसतं निथळून नवं भरू नका, आतून फ्लश करून घ्या.

६. मुंबईच्या चाकरमान्याची गाडी. आठ वर्षांत फक्त २२ हजार रनिंग. सोनंच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि ‘हो’ म्हणवत नाही. ही गाडी गणपतीला निघते, शिमग्याला निघते, मे महिन्यात जरा जास्त फिरते. उरलेले महिने पडवीशेजारी किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभी. पावसाळाभर तर ताडपत्री टाकून, म्हणजे दमट हवा आतच कोंडलेली.

उभ्या गाडीचं ऑइलही जुनं होतं. म्हणून कंपन्या ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं लिहितात. या गाडीला २२ हजारांत दोनच सर्व्हिस झाल्या असतील तर तिच्या सहा सर्व्हिस चुकल्या आहेत, असा हिशोब धरा.

बाकी तपासणी: टायरला नक्षी भरपूर दिसेल, पण बाजूच्या रबरावर बारीक भेगा आहेत का बघा. सहा-सात वर्षांपुढचा टायर नक्षी असली तरी हायवेवर भरवशाचा नाही. बॉनेट उघडून उंदराच्या लेंड्या, कुरतडलेल्या वायरी, एअर फिल्टरच्या डब्यातला पालापाचोळा शोधा. भाताची कोठी जवळ असेल तर हमखास सापडतं. हँडब्रेक ओढून महिने उभी असेल तर मागचे लायनर ड्रमला चिकटलेले असू शकतात. रबराचे सील वाळून ऑइल पाझरतं आणि ते गाडी रोज चालायला लागल्यावर महिनाभराने दिसतं.

घेऊ नये असं नाही. पण कमी रनिंगचे जास्तीचे पैसे देऊ नयेत.

७. गंज वरवरचा की आतला, हे कसं समजणार? सगळ्याच गाड्यांना थोडा असतो ना?

असतो. सायलेन्सरवर, नटबोल्टवर, ब्रेक डिस्कच्या कडेवर तांबूस थर असणं इथे गृहीतच धरा. काळजी करायची ती गाडीचं वजन तोलणाऱ्या भागांची: दोन्ही बाजूंच्या दारांखालची लांब पट्टी, पुढचा सबफ्रेम, लोअर आर्म जिथे बसतो ती जागा, मागच्या एक्सलचा बीम, शॉकअपची वरची बैठक आणि ब्रेकचे लोखंडी पाइप.

वॉशिंग सेंटरवर जा, रॅम्पवर गाडी चढवा आणि धुण्याआधी खाली उभं राहा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दारांखालच्या पट्टीवर एकेक वीत अंतराने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. मधेच आवाज बद्द झाला तर तिथे पुट्टी आहे किंवा आतून पापुद्रे सुटलेत. त्या जागी लहान लोहचुंबक लावून बघा. पुट्टीवर तो धरत नाही. पट्टीच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती कोटिंगने किंवा मातीने बुजलेली असतील तर पाणी आत साठतं आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आत बरंच संपलेलं असतं.

दहा वर्षांच्या गाडीला खालून नवं काळं कुळकुळीत कोटिंग दिसलं तर खूश होऊ नका. गंजावरच मारलेलं कोटिंग ओल आत कोंडून ठेवतं. ते कधी मारलं, आधी घासून प्रायमर लावला होता का, हे विचारा.

दोन प्रकारच्या गाड्यांकडे जास्त बारकाईने बघा. एक, समुद्राच्या वाळूवर नेलेली. हौसेने किनाऱ्यावर गाडी फिरवणारे कमी नाहीत आणि चाकं फसल्यावर लाटेचं खारं पाणी थेट पोटात जातं. कार्पेटखाली आणि स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक वाळू सापडते. दुसरी, डिकीतून मासळी नेलेली. वास अत्तराने झाकता येतो, पण बर्फाचं खारट पाणी डिकीच्या तळाला जिथे मुरलं तिथे गंजाचे डाग राहतात. मॅट उचलल्याशिवाय दिसत नाहीत.

एसीकडेही लक्ष द्या. पुढचा कंडेन्सर खाऱ्या हवेने झिजतो, त्याच्या जाळीची पूड होते. दर उन्हाळ्यात ‘गॅस भरला’ अशी नोंद असेल तर गळती कधी शोधलेलीच नाही.

८. पुरात बुडालेली गाडी गळ्यात पडली नाही ना, हे कसं तपासू?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवसांत महाडही बुडालं. असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते आणि ती भंगाराच्या लिलावात जाते. तिथून काही गाड्या साफसूफ होऊन पुन्हा रस्त्यावर येतात, बहुतेक वेळा दुसऱ्याच जिल्ह्यात. त्यामुळे एमएच ०६ (रायगड) किंवा ०८ (रत्नागिरी) पाहून संशय आणि ०९ (कोल्हापूर) पाहून निश्चिंती, दोन्ही चूक.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोजच्या वापरात त्याचा शेवटचा हातभर भाग बाहेर येतच नाही, म्हणून धुणाऱ्याचाही तिथे हात पोचत नाही. पट्ट्यावर आडवी मातकट रेघ दिसली तर पाणी तिथवर चढलं होतं. मग सीटखालचे रूळ आणि बोल्ट, डॅशबोर्डखालच्या वायरींचे जोड, फ्यूज बॉक्स बघा. तांब्यावर हिरवट थर आणि कनेक्टरच्या खाचेत सुकलेला गाळ ही पक्की खूण. जुन्या गाडीत एकाच बाजूचे स्पीकर, कार्पेट आणि सीट कव्हर कोरे करकरीत असणंही बोलकं आहे.

रेकॉर्डमध्ये जुलै २०२१ नंतर मोठी पोकळी असेल तर प्रश्न ३ प्रमाणे पुढे जा. विम्यावरून काय कळतं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

९. हिस्टरी काहीच मिळाली नाही. लगेच काय काय बदलू?

इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल. डिझेल असेल तर डिझेल फिल्टरही. ब्रेक ऑइल लोक विसरतात. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. ओल शोषलेलं ऑइल आंबा घाट उतरताना तापून उकळतं आणि पेडल मऊ पडतं. बाकी वायपर, बॅटरी, बेल्ट तपासून ठरवा. गिअर ऑइलची पातळी आणि रंग रॅम्पवर असतानाच बघून घ्या.

पहिल्या दिवसापासून नवी वही घाला. तारीख, मीटर, काम, रक्कम, एवढंच. विकताना तीच तुमची हिस्टरी.

१०. टायमिंग बेल्टचं काही कळलं नाही तर?

आधी आपल्या इंजिनाला बेल्ट आहे की चेन ते बघा. मारुतीच्या के सिरीज पेट्रोल इंजिनांना चेन आहे. जुन्या ८०० आणि ओम्नीला बेल्ट. ह्युंदाई आय १० च्या १.१ ला बेल्ट, १.२ ‘कप्पा’ इंजिनाला चेन. डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट. बेल्ट असेल आणि बदलल्याचा लेखी पुरावा नसेल तर बदला, टेन्शनरसह. तुटल्यावर पिस्टन व व्हॉल्व एकमेकांवर आपटणारी इंजिनं बरीच आहेत आणि तो खर्च जुन्या गाडीला पेलत नाही.

११. कोकणात सर्व्हिस लवकर करावी का?

होय. मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर ‘कठीण परिस्थिती’ असा वेगळा तक्ता असतो. धूळ, डोंगराळ रस्ते, थोड्या अंतराच्या फेऱ्या यासाठी त्यात मुदती कमी केलेल्या असतात. आपल्याला हे सगळं लागू आहे. जांभ्याच्या लाल धुळीने एअर फिल्टर लवकर बुजतो, तो पाच हजारांवर झटकून बघा. पावसाळा संपला की नवरात्राच्या आसपास गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन, चारी ब्रेक उघडून साफ करून घ्या.

बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल गाडी घेतली असेल तर आणखी एक. घर ते बाजार एवढंच अंतर रोज चालवाल तर सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर तुंबतो. अधूनमधून हायवेला सलग अर्धा तास तरी चालवा.

१२. विम्याच्या कागदावरून जुनं काही कळतं का?

नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) बघा. क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. पहिल्याच मालकाच्या सहा वर्षांच्या गाडीला सर्वसमावेशक विमा आहे आणि बोनस शून्य, म्हणजे मागच्या वर्षी क्लेम झालाय किंवा विमा मधे खंडित होता. कारण विचारा. मात्र मालक नुकताच बदललेला असेल तर शून्य स्वाभाविक आहे. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या मालकाचा ५० टक्के बोनस तुम्हाला मिळणार नाही. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर बोनसचा प्रश्नच येत नाही.

१३. गाडीवर रिकॉल होता का, ते काम झालंय का?

कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून दिसतं. उदाहरणार्थ, जुलै २०२० मध्ये मारुतीने फ्युएल पंप तपासण्यासाठी १,३४,८८५ गाड्या परत बोलावल्या: १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ मधल्या १.० वॅगन आर आणि ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ मधल्या पेट्रोल बलेनो. पत्र पहिल्या मालकाच्या मुंबईच्या पत्त्यावर गेलेलं असतं आणि गाडी असते वेंगुर्ल्यात. मालक दुसरा की तिसरा, हे अशा कामात पाहत नाहीत.

१४. गोव्याची गाडी स्वस्त मिळतेय. हिस्टरीत काय वेगळं बघू?

ती आधी भाड्याची होती का, हे. गोव्यात स्वतः चालवायला देतात त्या गाड्यांना काळी पाटी, पिवळी अक्षरं असतात. पुढे काही गाड्या खासगी करून विकल्या जातात. पाटी पांढरी झाली तरी दर हंगामात वेगळ्या हातांनी दाबलेला क्लच तोच राहतो. परिवहन खात्याच्या नोंदीत गाडीचा वर्ग आणि मालक क्रमांक बघा, सर्व्हिस यादीत ग्राहक म्हणून कंपनीचं नाव आहे का बघा.

कागदाचं: गोव्याच्या आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर भरल्याशिवाय एमएच ०७ (सिंधुदुर्गचा नंबर) मिळणार नाही. हा खर्च धरल्यावर ‘स्वस्त’ किती उरतं ते मांडून पाहा.

१५. सीएनजी किट बाहेरून बसवलंय. चालेल?

आरसीवर नोंद असेल तर. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, त्याची तारीख प्लेटवर असते. सिलिंडरच्या पट्ट्यांखालचा गंज हात घालून बघा. आरसीवर नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते.

१६. सर्व्हिस हिस्टरी खोटी निघाली. पैसे परत मिळतील?

गाडी डीलरकडून घेतली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ओळखीच्या माणसाकडून खासगीत घेतली असेल तर ती वाट सहसा बंद असते. करार कायदा १८७२ खाली दिवाणी दावा उरतो. त्यात विक्रेत्याने खोटं सांगितलं की नुसतं गप्प राहिला, हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण साधी तपासणी करून जे कळलं असतं त्याबद्दल गप्प राहिल्याची तक्रार टिकणं अवघड. म्हणून किलोमीटर, अपघात, पूर याबद्दल त्याने जे सांगितलं ते व्यवहाराच्या कागदावर त्याच्या सहीनिशी लिहून घ्या. व्यवहार झाला असेल आणि संशय आता आला असेल तर व्हॉट्सअॅपवरचे मेसेज पुसू नका, जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि अधिकृत वर्कशॉपकडून तारखेसह लेखी तपासणी अहवाल घ्या. तो हातात येईपर्यंत गाडीची दुरुस्ती सुरू करू नका.